चाळणीबाईची हातोडी

माझ्या आत्याला मैदानावर सगळे चाळणीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही. "आहेच मी चाळणी," ती म्हणते, "पीठ खाली जातं, कोंडा माझ्यापाशी राहतो."

उन्हाळा लागला की तळ्याकाठच्या मैदानावर दर आठवड्याला वाद्यवृंदाची मैफल होते. उघड्यावर, गवतावर बसून ऐकायची. फाटकापाशी माणसापेक्षा उंच फलक आहे आणि त्यावर नुसती चित्रं: छत्री, काचेची बाटली, घडीची खुर्ची, जेवणाचा डबा, चेंडू, शिट्टी, अवजारं, कुत्रा. प्रत्येकावर लाल फुली. त्यातला कुत्रा काढणाऱ्याने इतका गोड काढला आहे की लहान मुलं नेमकी तिथेच थांबून भोकाड पसरतात. फलकाखाली एक लाकडी चौकट टांगलेली असते. तिच्यातून आरपार न जाणारी पिशवी मैदानात जात नाही.

या फाटकावर आत्या पिशव्या तपासते. त्याआधी तिचं सगळं आयुष्य पिशव्या शिवण्यात गेलं. गावाबाहेरच्या कारखान्यात ती पट्टे जोडायच्या विभागात होती. कारखाना बंद पडला आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिने ही नोकरी धरली. त्यामुळे तिच्यापुढे उघडलेली पिशवी बऱ्याचदा तिच्या ओळखीची निघते. एकदा एका तरुणाने शपथेवर सांगितलं की पिशवीत काही नाही. आत्याने हात आत घातला, अस्तराखालचा चोरकप्पा उघडला आणि शिट्टी बाहेर काढली.

"तुम्हाला कसं कळलं?" तो गोरामोरा झाला.

"कप्पा मीच शिवलाय रे बाबा. चांगला झालाय ना?"

पूर्वी फाटकावर दोनच वाटा होत्या. वस्तू कचऱ्याच्या पिंपात टाका, नाहीतर घरी जा. तिसरी वाट आत्याने काढली. कारखाना बंद झाला तेव्हा कापडाच्या कडांची एक गोणी तिने घरी आणली होती. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. ती गोणी आणि एक टेबल तिने फाटकाशेजारच्या ताडपत्रीखाली आणून ठेवलं. वस्तू आली की एक चिंधी घ्यायची, हातानेच टर्रकन फाडायची, अर्धी वस्तूला बांधायची, अर्धी मालकाच्या हातात द्यायची. फाटलेल्या कापडाचे दात असतात आणि दोन चिंध्यांचे दात सारखे कधीच नसतात. जाताना चिंधी दाखवायची, दात जुळले की वस्तू तुमची. लोकांना हे इतकं आवडलं की काही जण मुद्दाम एखादी छत्री घेऊन येतात, असं पहिलवान म्हणतो.

पहिलवान म्हणजे तिचा फाटकावरचा जोडीदार. त्याच्या हातात धातू शोधायचं यंत्र असतं आणि तो इतका हडकुळा आहे की वारा आला की लोक आधी त्याच्याकडे बघतात.

मैदानावर इतके उन्हाळे काढले, पण आत्याने मैफल कधी ऐकली नव्हती. टेबल सोडता येत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे वारा. संध्याकाळी तळ्यावरचा वारा सगळे सूर उचलून पलीकडच्या काठावर नेतो. फाटकापर्यंत पोचतो तो फक्त मोठ्या ढोलाचा घुमारा, आणि टाळ्या.

आणि आत त्या वाद्यवृंदात माझे आतोबा उभे असत.

आतोबा दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. संध्याकाळी शेवटच्या रांगेत, झांजा, घंटा, त्रिकोण, जे कुणी वाजवत नाही ते त्यांच्याकडे. हे काम म्हणजे मुख्यतः मात्रा मोजण्याचं. सगळे वाजवत असताना ते गप्प उभे राहून मनात मोजत, आणि बऱ्याच वेळाने एकदा, फक्त एकदा, झांज वाजवत. "नवरा काय करतो?" असं कुणी विचारलं की आत्या सांगायची, "वाट बघतो."

यंदा त्यांचा शेवटचा हंगाम होता. गुडघे उभं राहू देईनात. बँडमास्तरांनी निरोप म्हणून त्यांच्यासाठी एक रचना केली, नाव 'भट्टी'. तिच्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असतो आणि त्यावर हातोडीने वाजवायचं असतं. सुरुवातीला बराच वेळ नुसती बासरी आणि तंतुवाद्यं चालतात. मग सगळे थांबतात, आणि एकटं लोखंड बोलतं. आतोबांच्या सगळ्या आयुष्यात एकट्याने वाजवायची ही पहिली वेळ, आणि शेवटचीही.

घरात उन्हाळाभर दुसरं काही नव्हतं. ते टेबलाच्या कडेवर बोटाने वाजवत, ताटावर चमच्याने वाजवत, एकदा झोपेत आत्याच्या खांद्यावर वाजवलं. आधीची लांबलचक थांबायची जागाही ते सोडत नसत. बोट हवेत धरून बसून राहत आणि समोर आत्या डाव हातात धरून.

"आमटी वाढू का, की अजून बासरीच चाललीये?"

"श्श. आता मोठी सारंगी येईल, मग मी."

"तुमचं येईपर्यंत आमटीवर साय धरेल."

मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होते तेव्हा आतोबांनी हळूच विचारलं, "या वेळी आत येशील ना ऐकायला?"

"टेबल कोण बघणार?" आत्या म्हणाली. मग बशा उचलता उचलता, "बघू."

आत्याचं 'बघू' म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नाही म्हणायचं असतं तेव्हा ती सरळ नाही म्हणते.

मैफलीच्या दिवशी दुपारीच घोळ झाला. कलाकारांचं मागचं फाटक दिवे घेऊन आलेल्या ट्रकने अडवलं. ट्रक ना पुढे जाई, ना मागे येई. शेवटी सगळ्या वादकांना समोरच्या फाटकातून, प्रेक्षकांच्याच रांगेतून यावं लागलं. पुढे काय झालं ते मला आत्याने एका तऱ्हेने सांगितलं, आतोबांनी दुसऱ्या आणि पहिलवानाने तिसऱ्या. मी पहिलवानाचं धरते. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती.

आतोबांच्या पुढे एक बाई होत्या. त्यांच्याजवळ फुलाफुलांची सुरेख छत्री होती आणि ती ठेवून घेतल्यामुळे त्या भडकल्या होत्या. "ऊन बघा किती आहे!" त्या म्हणत होत्या. "माझं डोकं तापलं तर?"

"मागच्याला मंच दिसला नाही तर त्याचंही तापेल," आत्या म्हणाली आणि चिंधी फाडली.

बाईंनी चिंधी घेतली, पण तिथेच उभ्या राहिल्या, आता पुढच्याचं काय होतं ते बघायला. पुढे आले आतोबा. काळा कोट, इस्त्रीची विजार, खांद्याला पिशवी. पहिलवानाचं यंत्र पिशवीपाशी किंचाळलं.

आत्याने हात घातला आणि हातोडी बाहेर काढली.

बारीक डोक्याची, आखूड दांड्याची, मुठीपाशी लाल कापड गुंडाळलेली. आत्या बघतच राहिली. पट्ट्यांना पितळी रिबिटं ठोकायची ही तिची कारखान्यातली हातोडी. घरच्या कोनाड्यातल्या डब्यात असायला हवी होती.

"अहो, ही माझी हातोडी!"

"अगं, हळू बोल."

"डब्यात हात कधी घातलात?"

"मास्तरांनी दिलेली हातोडी नुसती ठण् करते, पुढे काही उरतच नाही, म्हणून ती घरीच ठेवली. हिचा आवाज वेगळा आहे. तुला सांगणारच होतो."

"कधी? निवृत्त झाल्यावर?"

रांगेत हसू फुटलं. छत्रीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी फलकावरच्या अवजारांच्या चित्रावर बोट ठेवलं. तिथेही हातोडीच होती, फुलीसकट.

"यांची हातोडी चालते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आणि माझी छत्री नाही, होय?"

आत्याचा हात थांबला.

"ट्रम्पेट सोडलंस ना आत्ताच?" आतोबा म्हणाले. "तो एवढा मोठा ढोल सोडलास!"

"ती वाद्यं आहेत. हे अवजार."

"लोखंडावर मारली की वाद्य."

"मग लोखंड दाखवा."

"लोखंड आत आहे!"

"तर मास्तरांना इथे येऊन सांगू दे. त्यांनी सांगितलं की लगेच देते. सगळ्यांदेखत."

आणि तिने चिंधी फाडली. निळी निघाली. अर्धी हातोडीला बांधली, अर्धी नवऱ्यापुढे धरली. आतोबांनी ती कोटाच्या खिशात कोंबली आणि मान ताठ करून आत गेले. छत्रीवाल्या बाईही समाधानाने निघून गेल्या.

आता, इतकी साधी गोष्ट. आतोबांनी आत जाऊन मास्तरांना एक शब्द सांगायचा. पण ते मंचावर गेले, रुळाचा तुकडा टांगला, आणि गप्प बसले. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "तिची हातोडी. तिचं फाटक. माझा शेवटचा दिवस हे तिला माहीत नाही का? म्हटलं, तीच आणून देईल."

फाटकावर आत्या मास्तरांची वाट बघत होती. दर थोड्या वेळाने आतल्या वाटेकडे बघायची. हातोडी तिने बाकीच्या वस्तूंत न ठेवता समोरच ठेवली होती, आले की लगेच देता यावी म्हणून.

"ताई, नेऊन देऊ का मी?" पहिलवानाने विचारलं.

"तू कशाला? मास्तर येतील. कार्यक्रमात 'भट्टी' शेवटी आहे, पुष्कळ वेळ आहे."

लग्न झाल्यापासून दोघं हेच करत आले आहेत. घरातला नळ एकदा पावसाळाभर गळत होता. ती म्हणे ते दुरुस्त करतील, ते म्हणत ती सांगेल.

मी आत मधल्या रांगांत गवतावर बसले होते आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऊन अजून होतं, पण त्याची धार गेली होती. तळं पितळी दिसत होतं. दोन रचना झाल्या. तिसऱ्याला गायिका यायची होती, ती आली नाही. मास्तर मंचाच्या कडेला जाऊन कुणाशी तरी बोलले, परत आले, आणि म्हणाले, "गायिका वाटेत अडकल्या आहेत. तोवर आपण 'भट्टी' ऐकू."

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आतोबा रुळाच्या तुकड्यामागे उभे होते. दोन्ही हात रिकामे. एवढ्या लांबूनही मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. त्यांनी शेजारच्या ढोलाची काठी उचलली, तिच्या टोकाच्या मऊ गोळ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. मास्तरांनी हात वर केला. बासरी सुरू झाली.

फाटकावर हे पहिलवानाच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून पोचलं. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "'भट्टी' आधी घेतलीये, दिवे तसे लावा."

आत्या उठली. हातोडी उचलली. फाटकाकडे वळली, आणि पहिलवान मधे आला.

"ताई, हातोडी आत नाही."

"बाजूला हो रे!"

"मी होतो," पहिलवान म्हणाला, "पण मघाच्या बाई फार लांब बसलेल्या नाहीत. त्यांच्यासमोरूनच जावं लागेल तुम्हाला." त्याने हे चेष्टेने म्हटलं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की तिने ते आधी ऐकावं.

आत्या थांबली. फाटकाच्या या बाजूला ती, हातात हातोडी, हातोडीला निळी चिंधी. त्या चिंधीकडे तिचं लक्ष गेलं.

"मालकाला परत द्यायला तर बंदी नाही ना?"

"मालकाने चिंधी दाखवली तर नाही. आणि देणारा बाहेरच्या बाजूला हवा."

"मग टेबल बघ," आत्या म्हणाली, आणि मैदानात न जाता कुंपणाच्या बाहेरून धावत सुटली.

आत्या धावते हे मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशीही नाही पाहिलं, कारण ती कुंपणापलीकडच्या झुडपांतून धावत होती. पण काय ऐकत होती, ते तिने सांगितलं. कुंपण वळलं तसा वारा वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला बासरी ऐकू आली. जेवणाच्या टेबलावर जिथे हवेत धरलेलं बोट असायचं, तिथे खरोखर एवढं सगळं होतं तर. तिला थांबून ऐकावंसं वाटलं, आणि थांबायला तर सवड नव्हती. किती उरलंय हे तिला नेमकं ठाऊक होतं. घरी इतक्या वेळात आमटी वाढून भात कालवून व्हायचा.

मंचाची मागची बाजू उघडी आहे. त्याला लागूनच जाळीचं कुंपण, आणि शेवटची रांग म्हणजे कुंपणापासून हातभर. तिथे रिकामे खोके पडले होते. आत्या एकावर चढली. आता इथून पुढचं मी पाहिलं, आणि माझ्याबरोबर सगळ्या मैदानाने पाहिलं: आतोबांच्या खांद्यामागे, जाळीच्या वर, झगमगीत पिवळं जाकीट घातलेली एक बाई उगवली.

आतोबांनी मान वळवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुरून दिसला. त्यांनी हात पुढे केला.

आत्याने हातोडी मागे घेतली.

"चिंधी," ती म्हणाली.

तिचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण आतोबा एका खिशात हात घालतात, दुसऱ्यात घालतात, मग कोटाच्या आतल्या खिशात चाचपतात, हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या पुढची दोन माणसं हसू लागली. मास्तरांचे डोळे मोठे झाले होते, हात चालूच होता. शेवटी निळी चिंधी निघाली. आत्याने ती घेतली, हातोडीच्या चिंधीला लावली, दात जुळवून बघितले. मग हातोडीची चिंधी सोडून दोन्ही तुकडे खिशात घातले, आणि हातोडी जाळीवरून पलीकडे गेली.

"लावायची काय गरज होती?" मी नंतर तिला विचारलं. "नवरा आहे तुझा."

"त्या बाई बघत होत्या," आत्या म्हणाली.

हातोडी हातात आली, पण आतोबांच्या चेहऱ्यावरचा उजेड पुन्हा गेला. खिसे चाचपताना त्यांचं मोजणं चुकलं होतं. सगळं आयुष्य मोजण्यात गेलेला माणूस, आणि आज, इथे, आकडा हरवून बसला. बासरी चालली होती. कधी थांबणार, कधी मारायचं, काही सुधरेना. हातोडी अर्ध्यावर उचललेली, तशीच.

"आत्ता नाही," मागून आवाज आला.

आत्या खोक्यावरून उतरली नव्हती. जाळीत बोटं अडकवून ती उभी होती.

"आत्ता नाही. अजून बासरी आहे. आता ती मोठी सारंगी येते ना, ती येऊ दे." आणि मग, जशी ती घरी आमटीचा डाव हातात धरून थांबायची, तशीच थांबून, "हं."

आतोबांनी हातोडी मारली.

मास्तरांच्या हातोडीचा आवाज कसा होता मला माहीत नाही. पण त्या लहान हातोडीचा आवाज नुसता ठण् होऊन संपला नाही. तो उभा राहिला, तळ्यावर गेला, आणि जाताना मागे वळून बघावं तसा थोडा परत आला. मग दुसरा. मग तिसरा, जवळजवळ. मैदानावर कुणी हललं नाही. उन्हात तांबूस झालेला तो लोखंडाचा तुकडा हळूहळू झुलत होता, आणि आमचे आतोबा, ज्यांना शेवटच्या रांगेत कुणी कधी पाहिलं नव्हतं, एकटे वाजवत होते.

समोरून आम्हाला त्यांचा चेहरा दिसत होता. आत्याला त्यांची पाठ दिसली. ती म्हणते, ते डाव्या टाचेने मोजतात. बुटाची टाच जमिनीवरून जरा उचलायची, जरा ठेवायची. इतक्या वर्षांत हे तिला माहीत नव्हतं, कारण घरी त्यांचे पाय टेबलाखाली असतात. आणि आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता. पट्टे जोडायच्या विभागात सगळ्या बायका एका ओळीत बसून रिबिटं ठोकायच्या. दुपारी सगळ्यांचा ठेका आपोआप एक व्हायचा, आणि कुणी बोलायचं नाही. तिला वाटलं होतं, कारखान्याबरोबर तो आवाजही बंद झाला.

 

टाळ्या खूप वेळ चालल्या. त्या थांबायच्या आत आत्या टेबलावर परत आली होती. उशिरा आलेल्या एका कुटुंबाची घडीची खुर्ची तिची वाट बघत होती आणि पहिलवानाने फाडलेल्या चिंध्या तिला अजिबात पसंत पडल्या नाहीत. "सरळ फाडल्यास! यांना दात कुठे आहेत?"

मैफल सुटल्यावर छत्रीवाल्या बाई आल्या. आत्याने त्यांची चिंधी जुळवून छत्री दिली. बाई जरा घुटमळल्या.

"ते मागून हातोडी देणं," त्या म्हणाल्या, "ते नियमात बसतं का?"

"बसतं. मालकाची वस्तू, मालकाची चिंधी, कुंपणाबाहेरून दिली."

बाईंनी छत्री उघडून बघितली, मिटली. "छान वाजवलं हो त्यांनी," त्या म्हणाल्या. मग जाता जाता, "पुढच्या वेळी मीही छत्री वाजवायला शिकून येते."

सगळ्यात शेवटी आतोबा आले. गर्दी ओसरली होती, तळ्यावर अजून थोडा उजेड होता. मी तोवर टेबलाशी येऊन उभी होते. त्यांनी हातोडी आत्यापुढे ठेवली.

"तुझी आहे," ते म्हणाले. "न विचारता नेली होती."

आत्याने हातोडी हातात घेतली, वजन केल्यासारखी वर-खाली केली. दोन्ही निळ्या चिंध्या अजून तिच्या जाकिटाच्या खिशात होत्या. बाकीच्या चिंध्या ती परत गोणीत टाकते. या तिने टाकल्या नाहीत. त्यांना एकत्र गाठ मारली आणि दांड्यावरच्या लाल कापडाखाली खोचून दिली.

"मास्तरांना का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तू येणार होतीस ना."

"मी कुठे म्हटलं होतं येईन म्हणून?"

"'बघू' म्हणालीस."

आत्याने ताडपत्री गुंडाळायला घेतली. आतोबा दुसरं टोक धरायला गेले, तर तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी सवयीने चाचपली. आत एक पातळ उशी निघाली, गुडघ्याखाली घ्यायची.

"पुढच्या हंगामात तुम्ही प्रेक्षकांत बसणार," ती म्हणाली. "उशी चौकटीतून गेली नाही तर आत नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"मग मी कुंपणाबाहेर बसेन. त्या खोक्यावर."

"तो खोका माझा आहे," आत्या म्हणाली.